डबा, बटाटे आणि बिडाचा तवा

१९४२ सालचा फेब्रुवारी. तुम्ही उरुग्वे नदीच्या पूर्व काठावर उभे आहात आणि अंगाची काहिली होते आहे, कारण विषुववृत्ताच्या या बाजूला हा भर उन्हाळा. नदीचं पात्र इतकं रुंद की पलीकडचा अर्जेंटिना नुसती हिरवी रेघ दिसतो. मागे विटांच्या भिंती, उंच धुराडं आणि सगळ्या गावावर पसरलेला, शिजणाऱ्या मांसाचा दाट वास. गावाचं नाव फ्राय बेन्टोस. ब्रिटनमधल्या घराघरांत हे नाव ठाऊक आहे, पण डब्यावरचं म्हणून. त्या नावाचं एक गाव आहे, तिथे माणसं भोंग्याच्या तालावर उठतात, जेवतात, झोपतात, हे तिकडे कितीजणांच्या मनात येत असेल?

तुम्ही इतक्या लांब आला आहात ते एका साध्या पदार्थासाठी. कॉर्न्ड बीफ हॅश. खारवलेलं डबाबंद गोमांस, उकडलेले बटाटे, मिळाला तर कांदा, आणि एक जड तवा. पण हे मांस स्वयंपाकघरात पोचण्याआधी किती हातांतून जातं, ते हात पाहिल्याशिवाय मला तुम्हाला चुलीपाशी न्यायचं नाही.

भोंगा वाजतो. बायकांच्या लोंढ्याबरोबर तुम्हीही आत शिरता. लीबिग कंपनीनं हा उद्योग १८६५ मध्ये उभा केला तो मांसाचा अर्क काढून युरोपात विकण्यासाठी. १८७३ पासून इथे डबाबंद कॉर्न्ड बीफही होऊ लागलं. १९२४ मध्ये कारखाना इंग्लंडच्या वेस्टी कुटुंबाकडे गेला, तेव्हापासून गावात त्याला नुसतं ‘आंग्लो’ म्हणतात. इथले कामगार पन्नासहून अधिक देशांतून आलेले आहेत. तुमच्या टेबलावर स्पॅनिश चालतं, शेजारच्या टेबलावर कुणी स्लाव्ह भाषेत गुणगुणतं आहे.

तुमच्या पुढ्यात येतं ते मांस मिठात मुरलेलं आणि एकदा शिजलेलं आहे. मिठाबरोबर सोराही असतो. शिजूनही मांस गुलाबी राहतं ते त्यामुळे. हाडं, शिरा, चिवट पापुद्रे निवडून टाकायचे आणि उरलेलं डब्यात दाबून भरायचं. चौकोनी डबा एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता. या आकाराचं पेटंट शिकागोत १८७५ मध्ये घेतलं गेलं आणि त्यामागची युक्ती मला आजही थोर वाटते: डबा उघडून रुंद बाजूनं आपटला की अख्खा ठोकळा न मोडता घसरून बाहेर येतो. मग डब्यातली हवा ओढून घेतात, झाकण बंद करतात आणि डबे वाफेच्या बंद टाक्यांत कोंडतात. तिथे मांस दुसऱ्यांदा शिजतं, त्यातले चिवट तंतू विरघळतात आणि थंड झाल्यावर त्यांची जेली होऊन सगळं एकसंध धरून ठेवते.

थंड करण्याचं पाणी ही इथली सगळ्यांत नाजूक जागा. गरम डबा आकसताना सांध्यातून थेंबभर पाणी आत ओढून घेऊ शकतो. आणखी बावीस वर्षांनी, १९६४ मध्ये, स्कॉटलंडच्या ॲबर्डीन शहरात पाचशेहून जास्त लोक विषमज्वरानं आजारी पडतील. त्या साथीचा माग अर्जेंटिनातल्या एका कारखान्याच्या कॉर्न्ड बीफपर्यंत पोचेल, आणि तिथे डबे निवायला नदीचं निर्जंतुक न केलेलं पाणी वापरलं जात होतं हे कळेल. घरच्या तव्यावरच्या घासात दूरदेशीच्या नदीचं पाणी असतं, ते असं.

भरलेल्या पेट्या धक्क्यावर जातात. पुढचा प्रवास तुम्ही बोटीच्या पोटात, अंधारात करता. ला प्लाटाच्या मुखाशी मॉन्टेव्हिडिओ मागे पडतं. तिथेच डिसेंबर १९३९ मध्ये ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेच्या कप्तानानं तिला स्वतःच बुडवलं. मग आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं फ्रीटाऊन. तिथून बोटींचा तांडा करून, भोवती पहारा घेऊन उत्तरेकडे. पाण्याखाली जर्मन पाणबुड्या. बोटीवरचा प्रत्येक खलाशी कपडे चढवूनच झोपतो.

मे महिना सरत आला आहे. लिव्हरपूल. मर्सी नदीच्या काठानं मैलोगणती गोदी आणि तिच्या डोक्यावरून धावणारी उन्नत रेल्वे. पावसात तिच्याखालून चालता येतं म्हणून गोदी कामगार तिला आपली छत्री म्हणतात. धक्क्यावर तुमच्या कानावर अचानक ओळखीची बोली पडते. रत्नागिरीकडचे खलाशी आहेत. ब्रिटिश बोटींच्या डेकवर पिढ्यान् पिढ्या कोकणातली माणसं राबत आली, आणि खानपानाच्या विभागात गोव्याची. त्या गोंयकारांना तुमच्या पेटीतला माल नवा नाही. त्यांच्या घरीही गाईचं मांस किंवा जीभ मीठ, सोरा आणि लिंबाचा रस लावून, वर वजन ठेवून मुरवतात. पण आज थांबायला वेळ नाही. तुम्हाला बूटलला जायचं आहे.

बूटल म्हणजे गोदीला लागून असलेली कामगारांची वस्ती. गेल्या वर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात सलग सात रात्री इथे बॉम्ब पडले. हस्किसन गोदीत दारूगोळ्यानं भरलेली ‘मलाकंद’ बोट फुटली आणि तिचे पत्रे दूरवर जाऊन पडले. रस्त्यावर ओळीनं चार घरं उभी, पाचव्याच्या जागी खड्डा, असं चाललं आहे. अशाच एका उभ्या राहिलेल्या घरातली बाई खाटकाच्या दुकानापुढे रांगेत आहे. तुम्ही तिच्या मागे उभे राहा.

रेशन प्रत्येक माणसाला आठवड्याला १ शिलिंग २ पेन्सच्या मांसाचं, आणि त्यातला थोडा वाटा कॉर्न्ड बीफ म्हणूनच घ्यावा लागतो. कुठल्याही दुकानात जाता येत नाही. नाव नोंदवलं असेल तेच दुकान. खाटीक मोठा डबा उघडतो, ठोकळा बाहेर सरकतो (तो निमुळता आकार आठवतो ना?) आणि तो काप पाडतो. घरात चार माणसं: गोदीत काम करणारा नवरा, बारा वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि ती. कागदात गुंडाळलेले ते काप तिच्या एका तळहातावर मावतात. त्यावर चौघांची संध्याकाळ व्हायची आहे.

स्वयंपाकघर लहान आहे, पण नीटनेटकं. काचांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. बटाटे सकाळीच सालासकट उकडून ठेवले आहेत, दोन पौंड, म्हणजे किलोला थोडे कमी. अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन यांचं खातं सतत सांगत असतं की साल फुकट घालवू नका, बटाटा भरपूर खा. तो देशातच पिकतो, त्याच्यासाठी कुणाला समुद्रात जीव धोक्यात घालावा लागत नाही. रोज सकाळी सव्वाआठला बीबीसीवर ‘किचन फ्रंट’ हा कार्यक्रम लागतो. पण हॅश शिकायला तिला रेडिओ लागलेला नाही. लँकशरच्या या भागात तो तिच्या आईच्याही घरी होत होता.

“पूर्ण शिजवायचे नाहीत,” ती बटाटे तुमच्यापुढे सरकवते. “सुरी टोचली तर मधे जरा अडली पाहिजे.” बटाटे गार, कोरडे झालेले आहेत. हे फार महत्त्वाचं आहे. ओला, गरम बटाटा तव्यावर आधी वाफाळत बसतो. त्यातलं पाणी उडेपर्यंत तांबूस रंग धरत नाही. गार बटाट्यातला पिठूळपणा घट्ट झालेला असतो, त्याच्या फोडींच्या कडा उभ्या राहतात आणि त्या कडाच कुरकुरीत होतात. तुम्ही बोराएवढ्या फोडी करता. ती काही फोडी बोटांनी चुरते. चुरा बाकीच्यांना धरून ठेवतो.

कांदा एकच आहे आणि तो तिनं फडताळात लपवून ठेवला होता. ब्रिटनचा बराच कांदा फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातून आणि चॅनेल बेटांतून यायचा. १९४० च्या उन्हाळ्यात ते भाग जर्मनांच्या हाती गेले आणि कांदा इतका दुर्मीळ झाला की कचेऱ्यांत कांद्याच्या सोडती निघाल्या. ती कांदा बारीक चिरते, अगदी बारीक, म्हणजे प्रत्येक घासाला त्याचा अंश येईल.

आता बिडाचा तवा. रविवारी भाजलेल्या मांसाची निथळलेली चरबी वाटीत थिजून आहे, त्यातली चमचाभर. कांदा मंद आचेवर मऊ होतो. मग बटाटे. मांस शेवटी, गार असतानाच चिरून, कारण गरम झालं की ते चिरलं जात नाही, विस्कटतं. तव्यात पडताच त्यातली चरबी पाझरते आणि बटाट्यांना जे तेल कमी पडत होतं ते इथून मिळतं. या पदार्थातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच: मांस स्वतःला वितळवून बटाट्याच्या कामी येतं. मिठाचा कण घालायचा नाही, ते मांसात पुरेसं आहे. मिरी मात्र हवी. दोन चमचे पाणी.

उलथन्यानं सगळं दाबून सपाट करा, थालीपीठ लावताना करतात तसं, कडेपर्यंत. आणि आता हात मागे घ्या.

हे अवघड जाईल. मुलगा दारातून तिसऱ्यांदा डोकावला आहे, तव्यातून वास सुटला आहे, हात आपोआप उलथन्याकडे जातो. ती तुमचा हात अडवते. “ढवळलंत की गेलं. झाकणही नको.” तव्याला टेकलेल्या थरातलं पाणी जाऊ द्यायचं, मग मांसातली प्रथिनं आणि बटाट्यातली साखर मिळून तो तपकिरी, खमंग थर धरतात. ढवळत राहिलं तर प्रत्येक फोड वेळोवेळी गार होते आणि हाती लगदा येतो. दहा मिनिटं तरी जाऊ द्या. आवाज ऐका. सुरुवातीचा ओला चुरचुराट कोरडा होत जातो, कडेला सोनेरी रेघ उमटते. मग ती भाग भाग करून उलटते, खालची खरवड वर येते, पुन्हा दाबते, पुन्हा थांबते. खरवड दोनदा आत मिसळली गेली की प्रत्येक घासात ती असते.

घड्याळात सात वाजलेत आणि बाहेर दुपारसारखं ऊन आहे. युद्धकाळात घड्याळं उन्हाळ्यात दोन तास पुढे केलेली आहेत. काळे पडदे ओढायला अकरा वाजत येतील. चार ताटल्या, सोबत व्हिनेगरमध्ये मुरवलेला लाल कोबी. त्याचा आंबटपणा चरबीला कापतो, तो टाळू नका. आई मोजून चार वाटे करते, आणि तव्याला चिकटलेली शेवटची खरवड कुणाची यावर मुलांत वाद होतो. या आठवड्यात मुलीची पाळी आहे.

आणखी एक थांबा. तेच स्वयंपाकघर, जुलै १९५४. चौदा वर्षांपेक्षा जास्त चाललेलं रेशन ४ जुलैला संपलं. सर्वांत शेवटी सुटलं ते मांस. मुलगी आता चोवीस वर्षांची आहे, तिनं दुकानातून अख्खे दोन डबे आणले आहेत आणि आज तीच तव्यापाशी आहे. इतकी वर्षं जे मोजून मिळालं ते आज हात सैल सोडून घालायचं, असं तिनं ठरवलं आहे. मांस दुप्पट, बटाटे निम्मे. तुम्ही पाहता आहात: चरबीचं तळं साचतं, जेली पातळ होऊन पसरते, बटाट्याला तव्याचा स्पर्शच मिळत नाही. खरवड धरत नाही. चव नुसती खारट. खाताना कुणी तक्रार करत नाही, पण तवा खरवडायला कुणी उठतही नाही.

बटाटा या पदार्थात भर घालायला आलेला नव्हता, तोच मुळात हॅश होता. मांस त्याला चव देत होतं. हे टंचाईत सापडलं असलं तरी टंचाईपुरतं खरं नव्हतं. “आई, तू किती घालायचीस?” ती विचारते. आई तळहात पुढे करून दाखवते, एवढं. पुढच्या शनिवारी मुलगी एकच डबा उघडते, त्यातला अर्धा ठोकळा बशीखाली झाकून ठेवते आणि बटाटे दोन पौंड उकडायला टाकते.