जाळ्यावरील तबकडी : प्रकाशीय तबकडीयंत्रांच्या सामायिक वापराचा इतिहास

प्रकाशीय तबकडीचा इतिहास सांगताना सामान्यतः तिची धारणशक्ती आणि यंत्राची गती यांचे आकडे दिले जातात व लेखक पुढील साधनाकडे वळतो. तबकडीचे यंत्र एका संगणकास जोडलेले असताना दुसऱ्या संगणकापुढे बसलेल्या माणसाने ते कसे वापरावे, हा प्रश्न गौण समजला जातो. वस्तुतः या प्रश्नाला निरनिराळ्या काळी जी उत्तरे मिळाली, त्यांवरून ‘यंत्र सामायिक करणे’ या शब्दांचा अर्थ किती वेळा बदलला हे दिसून येते. प्रस्तुत लेखात त्या उत्तरांचा क्रम लावण्याचा प्रयत्न केला आहे.

ध्वनिमुद्रित सीडी १९८२ साली बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी सोनी व फिलिप्स या कंपन्यांनी संगणकीय माहितीसाठी सीडी-रॉमचा आराखडा ठरविला. तथापि तबकडीवरील फाइलींची मांडणी कशी असावी याविषयी एकमत नव्हते. ते घडवून आणण्यासाठी नोव्हेंबर १९८५ मध्ये काही कंपन्यांचे प्रतिनिधी अमेरिकेतील टाहो सरोवराकाठच्या हाय सिएरा नामक हॉटेलात जमले. त्या हॉटेलाचेच नाव मांडणीला चिकटले आणि किरकोळ फेरफारांनिशी तीच १९८८ साली आयएसओ ९६६० हे आंतरराष्ट्रीय मानक झाली.

येथे एक मौजेची गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या काळी मायक्रोसॉफ्टच्या डॉस या प्रणालीला ३२ मेगाबाइटांहून मोठा तबकडीविभाग हाताळता येत नसे, आणि सीडी-रॉमवर तर सहाशे मेगाबाइटांच्या आसपास मजकूर मावत होता. शिवाय तिची मांडणी डॉसला सर्वस्वी अपरिचित होती. डॉसच्या ३.१ या आवृत्तीत मात्र जाळ्यावरील परक्या संगणकाच्या फाइली आपल्याच असल्याप्रमाणे दाखविण्याची एक वाट ठेवलेली होती. मायक्रोसॉफ्टने सीडी-रॉमसाठी जी पुरवणी आज्ञावली काढली (एमएससीडीएक्स), तिने हीच वाट धरली. शेजारी, त्याच पेटीत बसविलेले तबकडीयंत्र तिने डॉसला ‘दूरच्या संगणकावरील यंत्र’ म्हणून सांगितले. परिणामी तबकडी तपासण्याची आज्ञा दिली असता, जाळ्यावरील यंत्र तपासता येत नाही, असे उत्तर डॉस देत असे. म्हणजे सीडी-रॉम खरोखर जाळ्यावर जाण्यापूर्वीच प्रणालीच्या दृष्टीने ती जाळ्यावर होती! पुढे त्याच आज्ञावलीत यंत्र इतरांस खुले करण्याची सोय झाली, यात नवल नाही.

खरी गरज ग्रंथालयांना भासली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मेडलाइनसारख्या संदर्भसूची तबकड्यांवर मिळू लागल्या. एक संगणक, एक यंत्र, एक तबकडी आणि बाहेर रांग लावून बसलेले वाचक, अशी स्थिती पुष्कळ ठिकाणी होती. त्यावर उपाय म्हणून अनेक यंत्रे एकावर एक रचलेले मनोरे आणि ते जाळ्यावरून वाचू देणाऱ्या आज्ञावल्या निघाल्या. हा उपाय तांत्रिक दृष्ट्या फारसा कठीण नव्हता, कारण तबकडी केवळ वाचावयाची होती. दहा जणांनी एकदम वाचले तर उत्तर सावकाश येईल, एवढेच. अडचण आली ती कराराची. प्रकाशकाने तबकडी एका संगणकासाठी दिलेली असे, आणि ग्रंथालयास ती साऱ्या विद्यापीठास द्यावयाची असे. म्हणून एका वेळी किती जण वापरणार यावर मूल्य ठरविण्याची पद्धत रूढ झाली. 

लेखनाचा प्रश्न मात्र निराळा आहे. एकदाच लिहिता येणारी सीडी-आर १९८८ च्या सुमारास तयार झाली, तरी तिच्या लेखनयंत्राची किंमत एक हजार डॉलरांखाली उतरण्यास १९९५ साल उजाडावे लागले. असे महागडे यंत्र संस्थेत एकच असणार आणि ते सर्वांनी वापरावे अशी इच्छा होणार, हे उघड आहे. पण फाइली सामायिक करण्याची जुनी रीत येथे उपयोगी पडत नाही. कोऱ्या तबकडीवर फाइल नसतेच. तेथे यंत्राला थेट आज्ञा द्याव्या लागतात : किरणाची शक्ती ठरव, अमुक स्थानापासून लिही, पट्टा बंद कर. म्हणून लेखनयंत्र सामायिक करणे म्हणजे आज्ञा देण्याचा अधिकार सामायिक करणे होय.

ही कल्पना सिद्धीस नेणाऱ्यांत बर्लिनचे यॉर्ग शिलिंग (१९५५–२०२१) यांचे नाव प्रामुख्याने घेतले पाहिजे. त्यांची ‘सीडीरेकॉर्ड’ ही आज्ञावली १९९६ पासून प्रसृत होऊ लागली आणि युनिक्स वर्गातील बहुतेक प्रणालींवर ती चालत असे. तबकडीची प्रतिमा तयार करणारी एरिक यंगडेल यांची १९९३ ची आज्ञावलीही पुढे तिच्याच संचात आली. शिलिंग यांनी नंतर तीत दूरच्या यंत्राला स्कझी आज्ञा पोचविणारा एक सेवक जोडला. बर्कली युनिक्सच्या ४.२ या आवृत्तीत (१९८३) दूरच्या चुंबकीय फीतयंत्रावर लिहिण्यासाठी एक छोटा सेवक होता, त्याच घराण्यातील हा. फीतयंत्र महाग होते म्हणून ती युक्ती जन्मली, आणि तबकडीयंत्र महाग होते म्हणून ती पुन्हा उपयोगी पडली.

या रीतीतील जोखीम समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. मूळ गतीने यंत्र सेकंदाला ७५ खंड लिहिते, प्रत्येक खंडात २०४८ बाइट. ७४ मिनिटांच्या तबकडीत असे ३,३३,००० खंड होतात. एका आज्ञेत ३१ खंड पाठविले तर संपूर्ण तबकडीसाठी सुमारे पावणेअकरा हजार आज्ञा जाळ्यावरून जाव्या लागतात आणि प्रत्येकीचे उत्तर परत यावे लागते. किरण मात्र थांबत नाही. यंत्राच्या पोटातील कोठार अर्ध्या मेगाबाइटाचे असेल आणि गती दुप्पट असेल, तर जाळे पावणेदोन सेकंद अडले की तबकडी वाया गेली. शिलिंग यांनी आज्ञावलीत चार मेगाबाइटांचे राखीव कोठार ठेवले होते. परंतु हे कोठार वापरणाऱ्याच्या संगणकात असते, आणि अडथळा येतो तो कोठार व यंत्र यांच्या मधल्या जाळ्यात. स्वतःच्या संगणकातील मंद चकतीपासून ते रक्षण करीत असे. जाळ्यापासून रक्षण करणे त्याच्या आवाक्याबाहेर होते. सान्यो कंपनीने २००० च्या सुमारास लेखन मध्येच थांबवून पुन्हा तेथूनच सुरू करण्याची सोय यंत्रातच केली, तेव्हा कोठे ही भीती ओसरली. दूरस्थ लेखन विश्वासार्ह झाले ते यंत्रातील या सुधारणेमुळे, जाळ्यामुळे नव्हे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अधिकाराचा प्रश्न याहून खोल होता. यंत्राला वाटेल ती आज्ञा देता येणे म्हणजे त्याची अंतर्गत आज्ञावली पुसून ते निकामी करता येणेही होय. शिलिंग यांच्या सेवकाला एक परवानापत्र लागत असे : कोणता वापरकर्ता, कोणत्या संगणकावरून, कोणते यंत्र. या तिहींची नोंद त्यात नसेल तर आज्ञा नाकारली जाई. याउलट लिनक्समध्ये, त्याच संगणकावरील सामान्य वापरकर्त्याने धाडलेल्या आज्ञांची गाळणी ऑगस्ट २००४ मधील २.६.८ या आवृत्तीत प्रथम बसविण्यात आली. तीमुळे सीडीरेकॉर्डच्या पुष्कळ वापरकर्त्यांचे काम अडले आणि शिलिंग व लिनक्सचे कर्ते यांच्यात कडवट वाद झाले. गाळणी आवश्यकच होती. तरीही परक्या माणसाविषयी जी शंका दूरस्थ सेवकाने आरंभीच घेतली, ती घरातल्या माणसाविषयी घेण्यास लिनक्सला उशीर लागला, हे नमूद केले पाहिजे.

२००६ साली शिलिंग यांनी संचातील बराच भाग दुसऱ्या परवान्याखाली नेला. हे दोन परवाने एकत्र वितरित करता येत नाहीत, असे डेबियन या प्रणालीच्या मंडळींचे म्हणणे पडले. शिलिंग यांना ते कधीच मान्य झाले नाही. डेबियनने जुन्या आवृत्तीवरून निराळी शाखा काढली. ग्रंथालयांच्या काळात भांडण तबकडीवरील मजकुराच्या कराराचे होते, आता ते लिहिणाऱ्या आज्ञावलीच्या कराराचे झाले.

जानेवारी २००८ मध्ये ॲपलने तबकडीयंत्र नसलेला मॅकबुक एअर पुढे आणला आणि शेजारच्या संगणकातील तबकडी वाचण्याची सोय त्यात दिली. येथे चक्र मूळ स्थानी आले, कारण ही सोय पुन्हा फाइलींची होती. तीतून कोऱ्या तबकडीवर लिहिता येत नसे आणि गाण्यांची सीडीही ऐकता येत नसे. ध्वनिमुद्रित सीडीवर आयएसओ ९६६० ची मांडणी नसते, केवळ पट्टे असतात. अशी तबकडी दूरच्या यंत्रातून उतरवून घ्यावयाची तर यंत्राला थेट आज्ञा देणारी रीतच हवी. आज संग्रहालयांच्या कपाटांत ध्वनिमुद्रित मुलाखतींच्या सीडी-आर पडून आहेत, त्यांवरील रंगाचा थर वर्षागणिक क्षीण होतो आहे, आणि नव्या संगणकांना यंत्रच नाही. तेथे एखाद्या खोलीतील एकुलत्या यंत्राकडून जाळ्यावरून खंडन्‌खंड वाचवून घेण्यास ही जुनी रीत अद्यापि उपयोगी आहे.