ईटीच्या लसीची कुळकथा

पहिला पाऊस पडून माळावर कोवळं गवत फुटलं की मेंढपाळाच्या पोटात गोळा येतो. कळपातलं सगळ्यात धष्टपुष्ट, संध्याकाळपर्यंत उड्या मारणारं कोकरूच सकाळी मरून पडलेलं दिसतं. हा आंत्रविषार. आतड्यात एरवी थोडेफार असणारे जंतू एकाएकी मिळालेल्या कोवळ्या चाऱ्यावर बेसुमार वाढतात आणि विष सोडतात. जीव जातो तो त्या विषानं, आणि औषधोपचाराला बहुतेकदा वेळच मिळत नाही. म्हणून बारामतीजवळच्या सांगवीपासून इंदापूरच्या माळापर्यंत शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांना पावसाआधी कळपाला या रोगाची ‘ईटी’ लस टोचून घ्यावी लागते. बर्फातली बाटली हलवायची, चिमटीत सैल कातडी उचलायची आणि तिच्याखाली सुई घालायची.

बाटलीत असतं ते मुळात तेच विष, फॉर्मालीननं नांगी मोडलेलं.

ही युक्ती माणसांच्या घटसर्पाच्या (डिप्थीरियाच्या) विषावर सापडली. लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत विष साठवायची मोठी भांडी निर्जंतुक करायच्या वाफेच्या यंत्रात मावत नसत, म्हणून ती फॉर्मालीननं धूत. अशा भांड्यांतलं विष मंद पडतं, तरी जनावरात प्रतिकारशक्ती जागवतं, हे तिथं १९०४ मध्ये लक्षात आलं. अलेक्झांडर ग्लेनी यांनी त्याचा पुढे पाठपुरावा केला. पण पद्धत पक्की बसवली ती गास्तों रामों यांनी, १९२३ च्या सुमारास, आणि मला तेच जास्त जवळचे वाटतात, कारण ते जनावरांचे डॉक्टर. पॅरिसजवळ गार्श इथं पाश्चर इन्स्टिट्यूटच्या घोड्यांपासून प्रतिविष काढायचं काम ते करत. विषात किंचित फॉर्मालीन घालून त्यांनी ते काही आठवडे अंगाएवढ्या उबेत ठेवलं. मग ते गिनीपिगला टोचलं तरी बाधेना, पण प्रतिविष तर त्याला पूर्वीसारखंच ओळखत होतं! फॉर्मालीन विषाच्या प्रथिनाला ठिकठिकाणी जखडून टाकतं. त्याची मारक ताकद जाते, ठेवण मात्र शरीराला ओळखू येण्याइतकी शाबूत राहते.

त्याच वाटेनं धनुर्वाताची लस आली आणि मेंढ्यांची ईटीही. महाराष्ट्रात ती पुण्याच्या औंधमधल्या सरकारी पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होते. घोड्यांच्या डॉक्टरानं बसवलेली रीत शंभर वर्षांनी धनगराच्या वाड्यावर उपयोगी पडते, याचं मला फार मोल वाटतं.

प्रतिकारशक्ती यायला दिवस लागतात, आणि रोग शिरल्यावर टोचलेली लस त्या जनावराला वाचवत नाही. तेव्हा ढगांची वाट पाहू नका. कळपाला पहिल्यांदाच टोचत असाल, तर दोन आठवड्यांनी दुसरा डोस चुकवू नका.