नीलगिरीची वंशावळ

1997 साली भर समुद्रात एक रिकामी युद्धनौका बुडवली गेली. तिच्यावर माणूस नव्हता, दारूगोळा नव्हता. भारतीय नौदलाच्याच सी हॅरियर विमानातून सुटलेलं सी ईगल क्षेपणास्त्र तिच्यावर येऊन आदळलं आणि माझगाव गोदीत बांधलेली पहिली मोठी युद्धनौका तळाला गेली. लक्ष्य म्हणून तिला तिथे नौदलानेच नेलं होतं. चोवीस वर्षांच्या चाकरीनंतर नव्या पिढीच्या हत्याराची परीक्षा आपल्या अंगावर घेणं, हे तिचं शेवटचं काम. तिचं नाव नीलगिरी.

15 जानेवारी 2025 रोजी मुंबईच्या नौदल गोदीत याच नावाची दुसरी नौका ताफ्यात दाखल झाली. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत आपल्याकडे आहे, तशी नौदलातही आहे. जहाज मोडीत निघतं, नाव निघत नाही. पण इथे नावाइतकंच रक्ताचं नातंही आहे. पहिलीपासून दुसरीपर्यंत मधल्या प्रत्येक पिढीच्या जहाजाने आईकडून काहीतरी घेतलं आणि काहीतरी टाकून दिलं. आधुनिकीकरण हा शब्द आपण बहुधा खरेदीच्या बातमीत वाचतो: अमुक कोटींचा करार, तमुक देशाची यंत्रणा. या कुळाची कथा वेगळी आहे. इथे जुनं जहाज बांधता बांधता नवं सुचत गेलं.

मूळपुरुष ब्रिटिश. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनांनी पाण्याखाली वेगाने पळणाऱ्या पाणबुड्या काढल्या आणि त्यांच्या मागे लागायला जुन्या फ्रिगेट अपुऱ्या ठरल्या. शांत पाण्यात वेग असून उपयोग नव्हता, अटलांटिकच्या वादळातही तो टिकायला हवा होता. त्यातून टाइप 12 नावाचा सांगाडा जन्माला आला: निमुळती नाळ, उंच पुढचा भाग, लाट कापत जाणारा. याच घराण्यातल्या तलवार आणि त्रिशूल 1960 च्या आसपास भारताने ब्रिटनकडून घेतल्या. पुढे त्याच सांगाड्यावर सुधारणा करून 1963 मध्ये लिअँडर आली. ग्रीक कथेतला लिअँडर प्रेयसीच्या दिव्याच्या खुणेवर रोज रात्री खाडी पोहून पार करायचा, त्याचं हे नाव. ब्रिटिश नौदलाने अशा 26 नौका बांधल्या, आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, नेदरलँड्स, चिली यांनीही हे घराणं आपलंसं केलं.

भारताने ठरवलं की ही नौका विकत घ्यायची नाही, मुंबईत बांधायची. आज हे वाक्य सहज लिहिता येतं. माझगाव गोदीचा उगम 1774 सालच्या एका छोट्या गोदीत; पुढे ती बोट कंपन्यांच्या जहाजांची दुरुस्ती करण्यात रमली, आणि 1960 मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. एवढी मोठी युद्धनौका तिथे कुणी बांधली नव्हती. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री आणि भास्कर सोमण नौदलप्रमुख असतानाच्या वर्षांत या प्रकल्पाची घडी बसली. व्हिकर्स आणि यारो या ब्रिटिश कंपन्या तंत्रसाहाय्याला होत्या. 23 ऑक्टोबर 1966 रोजी तळाचा कणा, म्हणजे कील, बसवली. बरोबर दोन वर्षांनी, 23 ऑक्टोबर 1968 ला, नौका पाण्यात उतरली.

त्या काळी जहाज कसं आखलं जायचं, ते बघण्यासारखं आहे. संगणक नव्हता. गोदीत मोल्ड लॉफ्ट नावाचं एक प्रशस्त दालन असायचं, लाकडी जमिनीचं. कागदावरच्या आराखड्याच्या रेषा त्या जमिनीवर खऱ्या मापाने काढायच्या. लाकडाची लवचिक पट्टी खिळ्यांमध्ये अडकवून वळण साधायचं आणि गुडघ्यांवर बसून ते आखायचं. या रेषांवरून लाकडी साचे करायचे, साच्यांवरून पोलादी फासळ्या वाकवायच्या. कागदावर न दिसलेली केसाएवढी चूक जमिनीवर बोटभर दिसायची. जो माणूस जहाजाची फासळी न् फासळी अशी गुडघ्यावर बसून आखतो, त्याला पुढे ती बदलायचीही भीती वाटत नाही. या कुळातल्या पुढच्या सगळ्या धाडसांचं मूळ मला त्या लाकडी जमिनीत दिसतं.

नीलगिरी नौदलात आली 3 जून 1972 रोजी. त्याच्या सहा महिने आधी, 9 डिसेंबर 1971 च्या रात्री, दीवच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर पाकिस्तानी पाणबुडी हंगोरने आपल्या नौदलाच्या खुखरीला बुडवलं होतं. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला आपल्या नौकेबरोबर गेले. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक परत आले नाहीत. खुखरी पाणबुड्या शोधण्यासाठीच बांधलेली नौका होती, हे त्यातलं सगळ्यात बोचरं. हे दुःख नौदलाच्या मनात किती खोल रुतलं ते पुढच्या घडामोडींवरून कळतं. पाणबुडीला आधी कोण ऐकणार, हा प्रश्न या घराण्याच्या पुढच्या प्रत्येक आराखड्यात हजर आहे.

त्याचं एक उत्तर आरोग्यस्वामी पॉलराज या तरुण नौदल अधिकाऱ्याने दिलं. खुखरीनंतर त्यांनी आधी जुन्या ब्रिटिश सोनारची ऐकण्याची ताकद वाढवली, आणि मग कोचीच्या नौदल प्रयोगशाळेत संपूर्ण नवं भारतीय सोनार उभं केलं. त्याचं नाव अप्सोह. सोनार म्हणजे पाण्यात आवाजाची हाक घालून प्रतिध्वनी टिपणारं यंत्र. पण आपल्या समुद्राचं वरचं पाणी तापलेलं असतं, खालचं थंड, आणि या थरांमध्ये आवाज वाकतो. थंड अटलांटिकसाठी घडवलेलं यंत्र इथे बहिरं पडतं. म्हणून इथल्या पाण्याला ऐकू येईल असं यंत्र इथेच घडायला हवं होतं. ते चढवलं नीलगिरीच्या बहिणीवर, हिमगिरीवर, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला. हेच पॉलराज पुढे स्टॅनफर्डला गेले आणि एकाच वेळी अनेक अँटेनांनी संदेश पाठवण्याचं तंत्र त्यांनी मांडलं. आज आपल्या हातातला मोबाइल त्याच तंत्रावर चालतो.

नीलगिरीच्या मागोमाग पाच बहिणी आल्या: हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी आणि विंध्यगिरी. शेवटची 1981 मध्ये. सहाही एकाच साच्यातल्या म्हणायच्या, पण प्रत्येकीत काहीतरी बदललं. कुठे डच रडार आलं, कुठे आतली मांडणी फिरली. सगळ्यात मोठी उलथापालथ झाली ती तारागिरी आणि विंध्यगिरीच्या मागच्या भागात, आणि तिथे थोडं थांबायला हवं.

मूळ लिअँडरवर जे हेलिकॉप्टर असायचं ते वॉस्प. जेमतेम अडीच टनांचं, पाखरासारखं. आपल्या नौदलाला हवं होतं सी किंग: साडेनऊ टनांचं, स्वतःचं सोनार पाण्यात सोडून पाणबुडी हुडकणारं आणि स्वतःच टॉर्पेडो टाकणारं. त्याच्या फिरत्या पात्यांचा व्यास सुमारे 19 मीटर. नौकेची रुंदी 13 मीटर. म्हणजे पाती नौकेच्या दोन्ही कडांबाहेर तीन-तीन मीटर जाणार, आणि अशा डुलत्या डेकवर ते यंत्र उतरवायचं. मग त्याला ठेवायचं कुठे? मागच्या टोकाला एका खोलगट भागात लिंबो नावाची तीन नळ्यांची पाणबुडीविरोधी उखळी तोफ होती. ती काढली. पाण्यात खोल सोडायचं सोनारही काढलं. मोकळी झालेली जागा उड्डाणाच्या डेकला दिली. जहाज धक्क्याला बांधायचे दोरखंड ज्या डेकवरून सुटतात तो भाग उड्डाणडेकच्या खाली गेला आणि त्यासाठी दोन्ही बाजूंनी पोलादात मोठाली भोकं ठेवावी लागली. या दोन नौकांचं छायाचित्र मिळालं तर मागच्या टोकाकडे बघा; बाकीच्या चौघींपासून त्या या भोकांवरूनच ओळखू येतात. हेलिकॉप्टरचं घर दुर्बिणीच्या नळीसारखं आत-बाहेर सरकणारं केलं. ब्रिटिशांच्या आराखड्यात हे काहीच नव्हतं. इथे पहिल्यांदा आईच्या पोलादावर मुलीने आपली कात्री चालवली.

आणि मग गोदावरी. माझ्या मते या वंशावळीतलं हे सगळ्यात देखणं पान.

नौदलाच्या अपेक्षा वाढल्या होत्या. एक नव्हे, दोन सी किंग हवीत. शत्रूच्या जहाजावर मारा करणारी चार रशियन क्षेपणास्त्रं हवीत, विमानांविरुद्धची वेगळी. एवढं सगळं 113 मीटरच्या सांगाड्यात मावणार नव्हतं. नौका मोठी करायची तर इंजिनही मोठं हवं, हा साधा हिशेब. पण बाहेरून नवं इंजिन आणायचं म्हणजे परकीय चलन, नवे कारखाने, नवं प्रशिक्षण, आणि कितीतरी वर्षं. नौदलाच्या आराखडाकारांनी उलटा विचार केला. लिअँडरची 30,000 अश्वशक्तीची वाफेची टर्बाइनं आपल्याला पाठ आहेत. तीच ठेवली आणि नौका लांबवली, तर काय होईल?

लांब केलं तर जड होणार, म्हणून मंद होणार, असं कुणालाही वाटेल. समुद्रात गणित थोडं वेगळं असतं. जहाज पुढे जाताना स्वतःच लाट उठवतं आणि त्या लाटेची लांबी जहाजाच्या वेगावर ठरते. 28 नॉटला ही लाट एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंत सुमारे 130 मीटर होते. जहाज तिच्यापेक्षा आखूड असेल तर ते सतत आपल्याच लाटेचा चढ चढत राहतं आणि शक्ती तिथे खर्ची पडते. सांगाडा लांब होत लाटेच्या जवळ गेला की चढ कमी होतो. गोदावरी 126 मीटरच्या पुढे गेली. वजन पूर्ण भारासह 3,600 टनांच्या वर, म्हणजे आईपेक्षा सहाशे टनांहून अधिक. आणि त्याच इंजिनावर वेग घटला तो जेमतेम एका नॉटने.

हे जुळलं, तरी पोटात दुसरं भांडण होतं. लिअँडरची वीज 440 व्होल्ट, 60 हर्ट्झ. रशियन यंत्रांना हवी 380 व्होल्ट, 50 हर्ट्झ. एकाच नौकेवर रशियन क्षेपणास्त्रं, इटालियन संगणक, ब्रिटिश वंशाची टर्बाइनं आणि भारतीय सोनार. शीतयुद्धात एकमेकांवर रोखलेली यंत्रं एकाच खोलीत शेजारी बसवून त्यांना एकमेकांशी बोलायला लावायचं होतं. मदतीला कोण येणार? ज्या देशाकडे एका बाजूचं ज्ञान होतं त्याला दुसऱ्या बाजूचं दाखवता येत नव्हतं. वायर न् वायर इथल्याच माणसांनी जोडली. 10 डिसेंबर 1983 रोजी गोदावरी नौदलात आली. गंगा आणि गोमती तिच्या मागून आल्या. तिन्ही माझगावच्या.

पुढच्या पिढ्यांबद्दल थोडक्यात. ब्रह्मपुत्रा, बेटवा आणि बियास याच घराण्यातल्या, पण कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत बांधलेल्या. वाफेची परंपरा तिथे संपली. 2010 मध्ये आलेली शिवालिक मुंबईची. तिच्यात गॅस टर्बाइन आणि डिझेल इंजिनं आली, आणि रडारला चकवण्यासाठी तिरक्या बाजू आल्या. सह्याद्री ही तिची धाकटी बहीण. पोलादही आता घरचं होतं: हैदराबादच्या धातू प्रयोगशाळेने तयार केलेलं डीएमआर 249 ए.

शिवालिकच्या पोटी आताची नीलगिरी. लांबी 149 मीटर, वजन सहा हजार सहाशे टनांच्या पुढे, म्हणजे आजीच्या दुपटीहून जास्त. कील ते ताफा, पहिलीला साडेपाच वर्षं लागली होती. हिला 2017 च्या डिसेंबरपासून सात लागली. आजी गोदीच्या उतारावर फासळीमागून फासळी उभी राहिली. नात निरनिराळ्या ठिकाणी तयार झालेल्या पोलादी खोल्या जोडून उभी राहिली, आणि त्या खोल्यांत पाइप आणि वायरी आधीच घातलेल्या होत्या. मोल्ड लॉफ्टच्या जमिनीची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली.

डॉकयार्ड रोड स्टेशनच्या अगदी डोक्यावर भंडारवाडा टेकडी आहे. टिळकांचे सहकारी काका बॅप्टिस्टा यांच्या नावाची बाग तिथे आहे. संध्याकाळी कठड्याशी उभं राहिलं की खाली लोकलची खडखड, पलीकडे गोदीच्या क्रेन आणि त्यापलीकडे बंदर. त्या क्रेनच्या पायथ्याशी ही बहुतेक वंशावळ घडली. याच बंदरात, 30 जानेवारी 2011 ला, विंध्यगिरीवर एक मालवाहू जहाज आदळलं. त्या दिवशी नौसैनिकांचे कुटुंबीय सफरीसाठी नौकेवर आले होते. आग लागली, माणसं सगळी सुखरूप उतरली, आणि दुसऱ्या दिवशी नौका धक्क्यालाच बुडाली. तिला नंतर पाण्यातून वर काढलं गेलं.

नव्या वर्गात सात नौका आहेत. सहांची नावं आज्यांची: नीलगिरी, हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी, विंध्यगिरी. सातवी महेंद्रगिरी. 1 सप्टेंबर 2023 रोजी ती माझगावात पाण्यात उतरली. मागच्या सहांमध्ये या नावाचं कुणी नव्हतं. हे नाव या कुळात तिच्यापासूनच सुरू होतं.