चुलीची ऊब: जुन्नर-आंबेगावातील जळणाचा इतिहास

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत केवळ घर गरम करण्यासाठी वेगळे साधन बाळगण्याची रीत कधीच नव्हती. याचा अर्थ येथे थंडी नव्हती असा नाही. खुद्द पुण्यात जानेवारी १९३५ मध्ये पारा १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद आहे, आणि कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या उघड्या खोऱ्यांतील पौषातली पहाट शहरातल्या पहाटेपेक्षा कमी बोचरी नसते. परंतु येथील घराला मिळणारी ऊब हे स्वयंपाकाच्या आगीचे जोडउत्पन्न होते. भाकरीसाठी पेटवलेली चूल भाकरी संपल्यावरही निखाऱ्यांच्या रूपाने घर शेकत राहत असे आणि त्या शेकाचा वेगळा हिशेब कोणी मांडत नसे. म्हणूनच स्वस्त शेगडी कोणती, हा प्रश्न या भागात नेहमी फुकटचे जळण कोठून मिळते आणि ते कोण आणते, या प्रश्नाच्या पोटात राहिला.

आंबेगावच्या डोंगरात उगम पावणारी घोड नदी पुढे शिरूर तालुक्यात उतरते आणि तेथे तिच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातील, म्हणजे तांबे आणि दगड या दोहोंची हत्यारे वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या, वस्तीचे थर उघडकीस आले. तेथील मातीच्या घरांत व अंगणांत चुली आणि जमिनीत खणलेल्या भट्ट्या सापडल्या असून, आरंभीच्या सुबत्तेच्या काळातील प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी पुढील ओढगस्तीच्या काळात लहान गोल झोपड्या आलेल्या दिसतात. घर आकसले तरी चूल सुटली नाही, एवढे त्यावरून निश्चितपणे म्हणता येते.

जुन्नरच्या डोंगरांतील बौद्ध लेण्यांच्या काळात आगीविषयी दोन टोकांच्या भूमिका शेजारी नांदत होत्या. भिक्षूंच्या आचारनियमांचा संग्रह असलेल्या विनयपिटकात आजारी नसलेल्या भिक्षूने केवळ अंग शेकण्यासाठी आग पेटवणे हा दोष मानला आहे, तर बाष्पस्नानासाठी असलेल्या ‘जंताघर’ नावाच्या अग्निगृहाला त्याच ग्रंथाने परवानगी दिली आहे. दुसरीकडे जुन्नरच्या शिलालेखांत ‘कासाकार’, म्हणजे काशाची भांडी घडवणारे कारागीर, यांच्या श्रेणीचा उल्लेख येतो; श्रेणी म्हणजे एका व्यवसायातील लोकांचा संघ, आणि काशाचे काम भट्टीशिवाय होत नाही. अशा भट्ट्यांना लागणारे जळण जवळच्याच सह्याद्रीतून येत असणार, असे अनुमान काढण्यास हरकत नाही.

या दोन तालुक्यांचे हवामान एक नाही आणि आगीचा इतिहास समजण्यासाठी ही गोष्ट कळीची आहे. नारायणगाव, मंचर, आळेफाटा या पूर्वेकडील पट्ट्यात आगीची आठवण हिवाळ्यात होते, तर भीमाशंकर, आहुपे, माळीण, नाणेघाट या पश्चिमेकडील डांगाणात, म्हणजे डोंगराळ रानपट्ट्यात, आगीची खरी गरज आषाढ-श्रावणात असते, कारण तेथे आठवडेच्या आठवडे ऊन पडत नाही आणि कपडे, घोंगड्या, बियाणे व माणसेही चुलीपाशीच वाळतात. कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप देऊन उभारलेल्या महादेव कोळी कुटुंबांच्या घरात धुरांडे नसे. धूर छपरातून झिरपत बाहेर जाई आणि जाताना वासे काळे करून त्यांना किडीपासून वाचवी. चुलीवरच्या माळ्यावर मक्याची कणसे आणि भोपळ्याचे बी याच धुरात टिकत असे. गोठा घराच्या छपराखालीच असल्याने गुरांच्या अंगची ऊबही माणसांच्या वाट्याला येई.

त्या चुलीची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. थोरल्या चुलीला जोडून वैल असे. वैल म्हणजे बाजूची अशी दुसरी चूल की जिच्यात वेगळे जळण घालावे लागत नाही, मुख्य चुलीतील झळ मधल्या भोकातून तिच्याखाली येते आणि तिच्यावर आमटी किंवा दूध मंद शिजत राहते. मागच्या बाजूला भानवस, म्हणजे मातीचा कट्टा, त्यावर मिठाचे मडके कोरडे राही. रात्री शेवटचे निखारे राखेत पुरून ठेवले जात आणि पहाटे तेच उकरून फुंकणीने पुन्हा पेटवले जात. अभियंत्याच्या हिशेबाने अशा चुलीतील जेमतेम १० ते १५ टक्के उष्णता भांड्याला लागते. उरलेली वाया जाते असे अहवालांत लिहिलेले असते, पण पावसाने गारठलेल्या घरात वाया गेलेली उष्णता म्हणजेच ऊब होती, हे त्या अहवालांनी क्वचितच ध्यानात घेतले.

जळणाचा साठा मृग लागण्यापूर्वी करावा लागे. फाटी तोडणे, मोळ्या बांधणे आणि डोक्यावरून घरी आणून पडवीत रचणे हे मुख्यतः बायकांचे काम. त्याच उन्हाळ्यात राबासाठीही डहाळ्या लागत. राब म्हणजे भात-नाचणीचे रोप टाकण्याआधी जमिनीवर पालापाचोळा, डहाळ्या व शेण पसरून जाळणे, ज्यामुळे तण मरते आणि राखेचे खत मिळते. १८७८ च्या वनकायद्याने जंगलांची राखीव व संरक्षित अशी विभागणी केल्यावर राब आणि सरपण या दोन्ही गरजा एकाच वेळी सरकारी परवानगीच्या कक्षेत आल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा वहिवाटीचा हक्क सवलत म्हणून ओळखला जाऊ लागला. गावाने स्वतः पाळलेली बंधने मात्र याहून जुनी होती. आहुप्याच्या देवराईसारख्या राखलेल्या वनातून वाळकी काटकीही न उचलण्याचा दंडक लोकांनी कायद्याच्या धाकाशिवाय सांभाळला होता. पुढे १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले आणि डिंभे धरणाच्या पाण्याखाली जुने आंबेगाव गेले. सरपणाची जुनी वाट एका बाजूने नियमांनी आणि दुसऱ्या बाजूने जलाशयाने अडली.

सुट्या, हलवता येणाऱ्या शेगडीचा मान या भागात एकाच प्रसंगी होता आणि तो म्हणजे बाळंतपण. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून तिला व बाळाला शेक द्यायचा आणि निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा टाकून धुरी द्यायची, ही प्रथा घरोघर होती. त्यासाठी लाकडी कोळसा, ज्याला तो पाडणाऱ्या लोणारी समाजावरून लोणारी कोळसा म्हणतात, तो वापरला जाई, कारण त्याचा धूर होत नाही. धूर होत नाही म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. हवा कोंडलेल्या खोलीत धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू निघतो, आणि वारा लागू नये म्हणून खिडक्या-दारे बंद करण्याची बाळंतिणीच्या खोलीची शिस्त नेमकी या धोक्याला पोषक होती. घर गरम करण्याच्या साधनांत हाच एक प्रश्न कोळशापासून गॅसपर्यंत बदललेला नाही.

जुन्नर, नारायणगाव, मंचर अशा बाजाराच्या गावांत दुसरा एक प्रपंच होता. सकाळच्या अंघोळीसाठी तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत ढलपे पेटवायचे, भोवतीचे पाणी तापायचे आणि तोटीतून कढत यायचे, अशी त्याची सोपी युक्ती. स्वीडनमध्ये १८९२ च्या सुमारास निघालेला पंपाचा रॉकेल-स्टोव्ह विसाव्या शतकात येथेही पोहोचला आणि रेशनच्या रॉकेलवर चालू लागला. यांच्या जोडीला आज जवळजवळ विस्मृतीत गेलेली भुशाची शेगडी होती. पत्र्याच्या डब्याच्या मधोमध बाटली उभी करायची, खालच्या भोकातून एक लाकूड आडवे घालायचे, भोवती वखारीतला भुसा ठासून भरायचा, मग बाटली व लाकूड अलगद काढून घेतले की हवेला काटकोनी वाट तयार होई. खालून काकडा लावल्यावर भुसा आतून बाहेर सावकाश जळत जाई आणि दोन-तीन तास जळण सारावे लागत नसे. भुसा ओला असला की मात्र घरभर धूर, आणि ठासणे सैल झाले की भिंत कोसळून आग विझे.

आजची पेलेट शेगडी ही तत्त्वतः याच शेगडीची यंत्रयुगातील बहीण आहे. पेलेट म्हणजे भुसा, उसाचे चिपाड किंवा भुईमुगाची टरफले दळून, मोठ्या दाबाने साच्यातून काढलेल्या सहा ते आठ मिलिमीटर जाडीच्या कांड्या. दाबाच्या उष्णतेने लाकडातील लिग्निन हा नैसर्गिक चिकट घटक मऊ होऊन त्या बांधल्या जातात. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेच्या वायव्य भागात लाकूड गिरण्यांचा भुसा घर तापवण्यासाठी वापरण्याच्या खटपटीतून या शेगड्या पुढे आल्या. त्यांत फिरता मळसूत्री दांडा ठरावीक वेगाने कांड्या आगीत सोडतो आणि पंखा हवा देतो, म्हणजे वीज गेली की शेगडीही गेली. भारतात हा विचार घराच्या उबेसाठी न येता स्वयंपाकासाठी आला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधनावर आधारलेली ‘ऊर्जा’ ही छोट्या पंख्याची शेगडी बीपी या तेल कंपनीने २००६ मध्ये बाजारात आणली आणि २००९ मध्ये हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे आला. महाराष्ट्रासह काही राज्यांत मिळून सुमारे चार लाख शेगड्या विकल्या गेल्या. परंतु चिपाडाला कारखान्यांच्या बॉयलरकडून मागणी वाढली, कांड्यांचा भाव चढला, आणि ज्या घरात सरपणाला पैसे पडत नव्हते तेथे विकतचे जळण टिकेना. कंपनीने पुढे हॉटेलांच्या भटारखान्यांकडे मोर्चा वळवला.

सरकारी प्रयत्नांची गतही फार निराळी नव्हती. १९८३ मध्ये सुरू झालेल्या सुधारित चुलींच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने धुरांड्याच्या चुली गावोगाव बसवल्या आणि २००२ मध्ये तो बंद झाला. धूर बाहेर नेणारी, झळ भांड्याखाली कोंडणारी चूल डोळ्यांना नि फुप्फुसांना हितकर होती, यात शंका नाही. पण ती घराला कमी शेकत असे, धुरांडे महिन्या-दोन महिन्यांनी साफ करावे लागे, आणि पश्चिमेच्या पावसात छपरातून काढलेले ते धुरांडे हीच गळतीची जागा ठरे. १९९६ मध्ये पुण्यात आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने उसाच्या पाचटाचा, म्हणजे तोडणीनंतर शेतात उरणाऱ्या वाळक्या पाल्याचा, कोळसा करून त्याच्या कांड्या पाडण्याची पद्धत विकसित केली, आणि त्यासाठी तिला २००२ चा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज आणि डिंभे या पाच धरणांनी ज्या पट्ट्यात ऊस आणला, त्याला ही कल्पना तंतोतंत लागू पडणारी होती.

गॅसचा प्रवास वेगळ्या वाटेने झाला. द्रवरूप पेट्रोलियम वायू मुंबईत १९५० च्या दशकाच्या मध्यास ‘बर्शेन’ या नावाने घरगुती वापरात आला, तेथून तो हळूहळू तालुक्याच्या गावांत शिरला आणि १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर डांगाणातील वाड्यांपर्यंत गेला. मात्र गॅसची शेगडी ऊब देत नाही. १४.२ किलोच्या टाकीत साधारण १८० युनिट विजेइतकी उष्णता असते; दोन किलोवॅटचा गॅस-हीटर रोज चार तास चालवला तर स्वयंपाकाला दीड-दोन महिने पुरणारी टाकी जेमतेम तीन आठवड्यांत रिकामी होते. तेवढ्याच उष्णतेला चांगल्या पेलेट शेगडीत रोज दोन किलोच्या आसपास कांड्या लागतील, पण त्या येथे किरकोळीने मिळत नाहीत. परिणामी चहा आणि भाजी गॅसवर, तर भाकरी, अंघोळीचे पाणी आणि शेक चुलीवर, अशी वाटणी अनेक घरांनी करून घेतली. धोरणकर्त्यांना ती अपयशाची खूण वाटते. घरखर्चाच्या बाजूने पाहता ती चोख आहे.

घर तापवण्याचे साधन पैसे मोजून निवडण्याचा प्रसंग या तालुक्यांत येतो तो माणसांसाठी नव्हे, कोंबडीच्या पिल्लांसाठी. पोल्ट्रीच्या शेडमध्ये पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश तापमान लागते आणि पुढे दर आठवड्याला ते सुमारे तीन अंशांनी उतरवायचे असते. त्यासाठी दिवे, कोळशाची शेगडी, लाकडावर चालणारी बुखारी, म्हणजे नळीने धूर बाहेर सोडणारी लोखंडी भट्टी, आणि गॅस ब्रूडर असे पर्याय समोर असतात. गॅस राखेविना व हुकमी चालतो, परंतु एक किलो गॅस जळताना दीड किलोहून अधिक पाण्याची वाफ होते आणि झडपा बंद असतील तर खालचे तूस ओलावते. बुखारी कोरडी ऊब देते, पण रात्री कोणाला तरी जागावे लागते. हिशेब फक्त रुपयांचा नसून मजुरीचा आणि झोपेचाही असतो. थंडीच्या लाटेत द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून बागांत शेकोट्या पेटतात, तोही याच जातीचा खर्च.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक वीजकेंद्रांना कोळशात पाच टक्के जैविक पेलेट मिसळण्याचे बंधन घालण्याचे धोरण आणले, आणि कांड्यांचा भाव आता तेथल्या मागणीवर ठरू लागला आहे. शिरोलीजवळचा विघ्नहर आणि पारगावचा भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आपले चिपाड स्वतःच्या बॉयलरमध्ये जाळतात, आणि पाचट न पेटवता सरीत कुजवण्याचा सल्ला कृषी विभाग शेतकऱ्यांना देतो. उसाच्या पट्ट्यातील कचऱ्याला त्यामुळे मालक आणि भाव दोन्ही मिळाले असून, घरगुती पेलेट शेगडीला लागणारे जळण त्या भावाने विकत घेणे अद्याप तरी कोणत्याही चुलीला परवडलेले नाही.