कारियाची आग : टोयोटा पुन्हा उभी कशी राहिली?

१ फेब्रुवारी १९९७. शनिवारची पहाट. जपानमधील कारिया शहरात ऐसिन सेईकी या कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि काही तासांतच ‘पी-व्हॉल्व्ह’ तयार करणारा विभाग भस्मसात झाला.

हा सुटा भाग तळहातावर मावेल एवढा. ब्रेक दाबल्यावर मागील चाकांकडे जाणाऱ्या द्रवाचा दाब तो आवरतो, म्हणून चाके जखडून गाडी घसरत नाही. किंमत किरकोळ, पण टोयोटाला लागणाऱ्या अशा व्हॉल्व्हपैकी सुमारे ९९ टक्के एकट्या ऐसिनकडून येत. त्यात टोयोटाची प्रसिद्ध पद्धत अशी की, लागेल तेव्हा लागेल तेवढाच माल मागवायचा. साठा जेमतेम दोन-तीन दिवसांचा उरला होता. ४ फेब्रुवारीपर्यंत जपानमधील टोयोटाच्या बहुतेक जुळणी-साखळ्या थांबल्या. टायरपासून आसनांपर्यंत सर्व काही पुरवणाऱ्या कंपन्यांचे कामही त्यांच्याबरोबर थंडावू लागले.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. जुना, स्वस्त आणि भरवशाचा पुरवठादार म्हणून सारा भार एकाच ठिकाणी टाकला गेला होता. म्हणजे ज्या संबंधांनी पुढे तारले, त्यांनीच आधी हा धोकाही निर्माण केला होता.

ऐसिनने आग लागल्याच्या दिवशीच इतर कंपन्यांना मदतीची हाक दिली आणि व्हॉल्व्हचे आराखडे त्यांच्या हाती सोपवले. एरवी असे आराखडे स्पर्धकांपासून जपले जातात. सुमारे ६० कंपन्यांनी प्रत्यक्ष व्हॉल्व्ह बनवण्यास घेतले. अप्रत्यक्ष साह्य करणाऱ्या धरल्यास संख्या २०० च्या घरात जाते. ऐसिनची खास यंत्रे त्यांच्यापैकी कोणाकडेच नव्हती. प्रत्येकाने हाताशी असलेल्या साध्या यंत्रांवर आपापली रीत शोधली. शिलाई यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या ब्रदर कंपनीने तर मोटारीचा असा भाग पूर्वी कधीच केला नव्हता. तिनेही आपले यंत्र त्यासाठी जुळवून घेतले. चार-पाच दिवसांत पहिले व्हॉल्व्ह हाती आले आणि दुसऱ्या आठवड्यात मोटारींचे उत्पादन जवळपास पूर्ववत झाले.

विशेष म्हणजे दर, नफा किंवा नुकसानभरपाई यांवर घासाघीस न करता ही कामे सुरू झाली. हे निव्वळ औदार्य मानणे भाबडेपणाचे ठरेल. टोयोटाची चाके थांबली तर पुरवठादारांचीही थांबणार होती आणि एवढ्या मोठ्या ग्राहकाला नकार देणेही सोपे नव्हते. तरीही केवळ भीतीपोटी कोणी दुसऱ्याचा सुटा भाग तीन-चार दिवसांत बनवायला शिकत नाही. टोयोटाच्या पुरवठादारांची ‘क्योहोकाई’ ही संघटना १९४३ पासूनची. गुणवत्ता तपासणीच्या आणि उत्पादनाच्या पद्धती या कंपन्या अनेक दशके एकमेकींकडून शिकत आल्या होत्या. त्यामुळे आराखडा हाती पडताच कोणाला काय विचारायचे आणि बिघडलेला नग कोणाला दाखवायचा, हे त्यांना ठाऊक होते.

हिशेब झाला तो नंतर. मदतीचा प्रत्यक्ष खर्च ऐसिनने सोसला. टोयोटाने आपल्या थेट पुरवठादारांना जानेवारी ते मार्च या तिमाहीतील त्यांच्या टोयोटाला झालेल्या विक्रीच्या १ टक्का इतकी रक्कम दिली. त्यांपैकी अनेकांनी आपल्या छोट्या पुरवठादारांनाही त्यातला वाटा पोहोचवला. आणि ऐसिन? टोयोटाने तिच्याशी संबंध तोडले नाहीत. कारिया येथून पुरवठा पुन्हा सुरू झाला.