भिंत कोणाला विचारून पाडली? मोकळ्या कार्यालयाचा इतिहास



आज आपण कार्यालयाच्या आतल्या रचनेचा इतिहास पाहणार आहोत. टेबल कुठे, खुर्ची कुठे, पार्टिशन किती उंच, एवढाच हा विषय वाटतो. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका कंपनीचं ऑफिस मी आखलं. मालकांना सगळं मोकळं हवं होतं. केबिन नकोत, भिंती नकोत. मी तसं करून दिलं. उद्घाटनाचे फोटो छान आले. तीन महिन्यांनी सहज गेलो, तर पगाराचं काम पाहणाऱ्या बाई जिन्यात उभ्या राहून फोनवर बोलत होत्या. मला म्हणाल्या, "सर, कोणाचा पगार का कापला, हे सगळ्यांसमोर कसं सांगू?" प्लॅन काढण्याआधी मी मालकांशी चार बैठका केल्या होत्या. या बाईंशी एकदाही बोललो नव्हतो. तेव्हापासून मला या मोकळ्या ऑफिसच्या इतिहासात रस वाटू लागला.

तो बराच जुना आहे. अमेरिकेत बफेलो शहरात लार्किन नावाची साबणाची कंपनी होती. माल टपालाने विकायची. रोज येणाऱ्या ऑर्डरच्या पत्रांचा ढीग उपसायला कारकून आणि टायपिस्ट यांची फौज लागायची. त्यांच्यासाठी फ्रँक लॉईड राइट यांनी इमारत बांधली. ती १९०६ साली पूर्ण झाली. आपल्या वाड्याचा चौक पाच मजली उंच करायचा, वर काच घालायची आणि चारही बाजूंना सज्जे काढायचे, अशी कल्पना करा. वरून उजेड येतो आणि खाली चौकात ओळीने टेबलं. विशेष म्हणजे कंपनीचे अधिकारीही त्याच चौकात बसायचे. फर्निचर राइट यांनीच आखलं होतं, धातूचं. काही टेबलांना खुर्ची जोडूनच टाकलेली, ती बाहेर फिरायची आणि आत जायची. जमीन पुसायला सोपं! पण बसणाऱ्याला खुर्ची चार बोटं मागे घ्यायची असेल, तर ती सोय नाही. पाहा, उजेड आणि हवा यांचा विचार उत्तम झालेला, पण माणसाने कसं बसायचं हेसुद्धा आधीच ठरलेलं. ही इमारत १९५० साली पाडली.

पुढे १९११ साली फ्रेडरिक टेलर यांचं शास्त्रीय व्यवस्थापनावरचं पुस्तक आलं. कारखान्यात मजुराच्या हालचाली घड्याळ लावून मोजायच्या, ही त्यांची पद्धत लवकरच कचेरीतही शिरली. टेबलं एका दिशेला तोंड करून, शाळेच्या वर्गासारखी, आणि देखरेख करणारा अशा जागी की सगळे त्याच्या नजरेत राहावेत. साहेब लोक मात्र कडेच्या बंद खोल्यांत गेले.

ही शिस्त मोडायचा मोठा प्रयत्न झाला जर्मनीत. हॅम्बुर्गजवळच्या क्विकबॉर्न गावात एबरहार्ड आणि वोल्फगांग श्नेले हे दोन भाऊ सल्लागार म्हणून काम करत होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीला त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. ऑफिसात कागद कोणाकडून कोणाकडे जातो? कोण कोणाशी दिवसातून किती वेळा बोलतं? त्याचे तक्ते केले आणि त्यानुसार टेबलं मांडली. ओळी गेल्या. टेबलांचे तिरपे-वाकडे गट आले, मध्ये झाडांच्या कुंड्या, खाली आवाज शोषणारा गालिचा, चहापाण्याची जागा. हुद्द्यानुसार खोली ही पद्धतही गेली. याला नाव पडलं ब्यूरोलांडशाफ्ट, म्हणजे कार्यालयाचा भूप्रदेश. आज इंटिरियर डिझायनर कामाला सुरुवात करताना कोणत्या विभागाला कोणता विभाग जवळ हवा याचा जो तक्ता करतो, त्याचं मूळ मोठ्या प्रमाणात इथे आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत रॉबर्ट प्रॉप्स्ट हा संशोधक हर्मन मिलर या फर्निचर कंपनीसाठी अभ्यास करत होता. त्याचं निरीक्षण असं, की दिवसभर एकाच आसनात बसणं शरीराला वाईट, आणि कागद ड्रॉवरमध्ये गेला की तो विसरला जातो. त्यातून १९६४ साली 'अॅक्शन ऑफिस' आलं. जॉर्ज नेल्सन यांनी त्याला रूप दिलं. उभं राहून काम करायचं टेबलही त्यात होतं. देखणं होतं, पण महाग पडलं आणि फारसं खपलं नाही. मग १९६८ साली दुसरी आवृत्ती आली. आता हलवता येणारी पॅनेलं, त्यांनाच अडकवलेली टेबलं आणि फळ्या. प्रॉप्स्टच्या मनात पॅनेलं १२० अंशांत उघडी ठेवायची होती. माणसाला थोडा आडोसा मिळावा, पण कोंडल्यासारखं वाटू नये.

झालं काय? खरेदी करणाऱ्यांनी हिशेब केला. १२० ऐवजी ९० अंशांत जोडली, तर तेवढ्याच जागेत जास्त माणसं मावतात. त्यात अमेरिकन करकायद्यात पक्क्या भिंतीपेक्षा फर्निचरच्या घसाऱ्याची वजावट लवकर मिळायची. मग भिंत कशाला बांधायची, पॅनेल घ्या! असं क्युबिकल जन्माला आलं. १९७० सालीच नेल्सन यांनी पत्र लिहून या रचनेवर कडक टीका केली. जास्तीत जास्त माणसं कोंबू पाहणाऱ्यांना ती सोयीची आहे, असा तिचा रोख होता. स्वतः प्रॉप्स्टनेही उतारवयात, आपल्या कल्पनेचं जे झालं तो वेडेपणा आहे, असं बोलून दाखवलं.

आता युरोपकडे परत या, कारण खरा फरक इथे दिसतो. मोकळी ऑफिसं तिथेही पसरली होती आणि तक्रारीही त्याच होत्या: आवाज, खिडकीपासून लांब बसणं, सतत कोणाच्या तरी नजरेत असणं. पण जर्मनीत १९७२ च्या सुधारित कायद्याने कामाची जागा आखताना मालकाने कर्मचाऱ्यांच्या परिषदेशी सल्लामसलत करणं बंधनकारक केलं. म्हणजे टेबलावर बसणाऱ्याला तोंड मिळालं. पुढच्या काळात जर्मनीत आणि स्कँडिनेव्हियात ऑफिसं पुन्हा लहान खोल्यांकडे, खिडकीकडे वळली. त्याच १९७२ साली नेदरलँड्समध्ये आपेलडोर्न इथे हर्मन हर्ट्झबर्गर यांनी सेंट्राल बेहेर या विमा कंपनीची इमारत पूर्ण केली. सुमारे हजार माणसांसाठी, पण ९ बाय ९ मीटरच्या छोट्या छोट्या चौकोनांत विभागलेली. काँक्रीट मुद्दाम उघडं ठेवलं होतं, रंगरंगोटी न करता. उरलेलं काम बसणाऱ्यांनी करावं, अशी अपेक्षा. आणि लोकांनी घरून कुंड्या, चित्रं, पोस्टर आणून ते पूर्ण केलं.

फर्निचर बनवण्याचं तंत्र दोन्हीकडे सारखंच होतं. अमेरिकेत निर्णय भाडं भरणाऱ्याने घेतला, युरोपात बसणाऱ्यालाही विचारावं लागलं. क्युबिकल आणि खिडकीजवळची खोली यांतला फरक मला तरी तिथे सापडतो.

आपल्याकडे हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत आधी क्युबिकल आलं, नंतर तीही पॅनेलं उतरली आणि लांबच लांब बाकं आली. कारण सांगतात, माणसं एकमेकांशी बोलतील. २०१८ साली हार्वर्डच्या दोन संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन मोठ्या कंपन्यांत भिंती काढण्याआधी आणि काढल्यानंतर त्यांनी मोजमाप केलं. समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी कमी झालं आणि ईमेल वाढले. माणसं कानात हेडफोन घालून आपली भिंत आपणच बांधतात.

मी मोकळ्या जागेच्या विरोधात नाही. श्नेले बंधूंनी आधी विचारलं, मग मांडलं. तो क्रम मला महत्त्वाचा वाटतो. त्या पुण्याच्या ऑफिसात आम्ही नंतर काचेची एक छोटी खोली केली. जागा सहा टेबलांची गेली, मालक थोडे नाराज झाले. आता नवीन काम आलं की पहिली बैठक मालकांशी होते, ती टाळता येत नाही. दुसरी मात्र मी हिशेबाच्या, पगाराच्या आणि स्वागताच्या टेबलावरच्या माणसांशी करतो. उपस्थितांत कोणी विद्यार्थी असतील, तर त्यांनी ही दुसरी बैठक आपल्या फीमध्येच धरावी. फुकट म्हटलं की तीच आधी कापली जाते.

थांबतो. तुमचे प्रश्न घेऊया.