खिम्याच्या गोळ्यांतील पाव

अथेन्सच्या बाजारांत खाटिकाच्या दुकानीं बारीक केलेलें मांस मागावयाचें असेल, तर ग्रीक गृहिणी 'किमास' हा शब्द उच्चारते. पुण्यामुंबईच्या बाजारांत त्याच वस्तूला 'खिमा' म्हणतात. हे दोन शब्द सख्खे भाऊ असून तुर्की भाषेंतील 'कियमा' हा त्यांचा जनक होय. त्या किमासाचे गोळे वळून तळले म्हणजे ग्रीक लोक त्यांस 'केफ्तेदेस' म्हणतात; आपला 'कोफ्ता' त्याच घराण्यांतला. 'कोफ्तन' या फारसी क्रियापदाचा अर्थ कुटणें. इराणांतून निघालेला हा एक शब्द पश्चिमेस तुर्कांच्या संगतीनें ग्रीसला पोंचला, आणि पूर्वेस हिंदुस्थानांत येऊन स्थिरावला.

या पदार्थासंबंधीं अलीकडे एक नवाच प्रश्न उत्पन्न झाला आहे. मधुमेहाच्या भयानें पिठूळ अन्न कमी करणाऱ्या घरांतून हे ग्रीक गोळे पावाशिवाय केले जातात. मूळच्या कृतींत भिजविलेला पाव असतोच असतो. तो काढला म्हणजे पदार्थ ग्रीक राहतो काय, आणि त्यायोगें प्रकृतीस खरोखर कितपत लाभ होतो? या प्रश्नाचें उत्तर पाकशास्त्राइतकेंच इतिहासाकडे मागावें लागतें.

गोळ्यांत पाव आला कसा, हें प्रथम पाहिलें पाहिजे. मांस थोडें आणि खाणारीं तोंडें फार, म्हणून गरिबानें भर घातली, अशी सामान्य समजूत आहे. ती अर्धीच खरी. अपिसियस याच्या नांवावर चालत आलेला लॅटिन पाकग्रंथ इसवी सनाच्या चौथ्या-पांचव्या शतकाच्या सुमारास संकलित झाला असें विद्वान् मानतात. त्यांत कुटलेल्या मांसांत, द्राक्षमद्यांत भिजविलेल्या पांढऱ्या पावाचा गर मिसळून गोळे करण्याची कृति दिली आहे. त्या गोळ्यांत चिलगोजे आणि मिरीं पडतात. तीं मिरीं मलबारच्या किनाऱ्यावरून गलबतांत भरून रोमन बाजारांत जात असत. ज्या घरीं मिरीं येत, तें घर कांहीं दरिद्री म्हणतां येणार नाहीं. तेव्हां श्रीमंताच्या गोळ्यांतही पाव होता, आणि त्याचें कारण पोटापेक्षां जिभेशीं अधिक निगडित होतें.

मांस तापलें म्हणजे त्यांतील प्रथिनें आकसतात आणि आपला रस बाहेर ढकलतात. नुसत्या खिम्याचा गोळा म्हणूनच कोरडा व चिवट होतो. भिजलेल्या पावांतील पिष्ट तो रस शोषून धरतें, आणि प्रथिनांच्या धाग्यांस एकमेकांशीं घट्ट बिलगूं देत नाहीं. पाव भर घालतो हें खरें. परंतु तो गोळा मऊही राखतो. हीं दोन कामें ध्यानांत ठेवलीं म्हणजे पुढील सर्व इतिहास उलगडतो.

कुटलेल्या मांसाचे गोळे एकट्या रोमचे नव्हेत. इ. स. १२२६ मध्यें बगदाद येथें लिहिल्या गेलेल्या एका अरबी पाकग्रंथांतही ते आढळतात. १४५३ सालीं कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हातीं पडलें, आणि पुढें कित्येक शतकें ग्रीक, तुर्क, आर्मेनियन व यहुदी हे एकाच साम्राज्यांत शेजारीं म्हणून नांदले. शेजाऱ्यांच्या चुलींचा धूर कुंपण मानीत नाहीं. ग्रीकांनीं नांव तुर्कांचें घेतलें; पुदिना, ओरेगानो आणि ऑलिव्हचें तेल यांची जोड स्वतःच्या भूमीची दिली.

हें देणें सर्वांनाच मान्य होतें असें नाहीं. निकोलाओस त्सेलेमेन्तेस (१८७८–१९५८) हा ग्रीसचा इतका प्रसिद्ध पाकशास्त्रज्ञ, कीं त्याचें नांवच ग्रीक भाषेंत 'पाकपुस्तक' या अर्थीं रूढ झालें. ग्रीक स्वयंपाक पौर्वात्य संस्कारांतून सोडवावा आणि त्यास फ्रेंच वळण लावावें, असा त्याचा आग्रह होता. मूसाका या वांग्याच्या पदार्थावर आज जो दूध व मैदा यांचा जाड थर दिसतो, तो त्याच्याच प्रभावानें रूढ झाला असें मानतात. शुद्धीकरणाच्या उत्साहांत ग्रीक ताटांत नवें पीठच येऊन पडलें! अस्सल म्हणून जें आज मिरवतें, त्याचें वय पुष्कळदां आजोबांच्या वयाहून अधिक नसतें, हें यावरून दिसून येईल.

या गोळ्यांच्या इतिहासांतील सर्वांत करुण प्रकरण १९२२ सालचें. त्या वर्षीं सप्टेंबरांत आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील स्मर्ना, म्हणजे आजचें इझमीर, हें संपन्न शहर आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. ग्रीक व आर्मेनियन वस्त्या जळाल्या, आणि हजारों कुटुंबें धक्क्यावर जहाजांची वाट पाहात उभीं राहिलीं. ३० जानेवारी १९२३ रोजीं लोझान येथें ग्रीस व तुर्कस्तान यांनीं लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार केला. माणसाचा धर्म पाहून त्याचा देश ठरविण्यांत आला. ग्रीसमधून सुमारें साडेतीन ते चार लाख मुसलमान तुर्कस्तानांत गेले. आणि १९२८ च्या ग्रीक शिरगणतींत १२,२१,८४९ निर्वासित नोंदले गेले. देशाची एकंदर वस्ती तेव्हां सुमारें बासष्ट लाख होती. म्हणजे दर पांच माणसांत एक जण घरदार सोडून आलेला होता. १९४७ सालीं कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासितांचें उल्हासनगर कसें उभें राहिलें, हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांस या आंकड्यांमागील दुःख निराळें समजावून सांगावें लागणार नाहीं.

अथेन्सभोंवतीं नेआ स्मिर्नी, नेआ इओनिया अशीं उपनगरें वसलीं. 'नेआ' म्हणजे नवी. गमावलेल्या गांवांचीं नांवें लोकांनीं नव्या जागेस दिलीं, आणि गमावलेल्या स्वयंपाकघरांतील वास नव्या चुलींवर पुन्हा उठविला. 'सुत्सुकाक्या' हे लांबट वळलेले गोळे स्मर्नाच्या नांवानेंच ओळखले जातात. त्यांत लसूण आणि जिरें सढळ हातानें घालतात, भिजविलेला पाव मिसळतात, आणि ते टोमॅटोच्या रसांत शिजवितात. समुद्रापलीकडे इझमीरमध्येंही 'इझमीर कोफ्ते' होतोच. त्यांत बहुधा बटाटेही असतात. माणसांची वांटणी करारानें झाली. पदार्थ मात्र दोन्ही तीरांवर राहिला. निर्वासिताच्या घरांत मांस महाग होतें, आणि शिळा पाव टाकून देण्याची ऐपत नव्हती. रोमन श्रीमंताच्या गोळ्यांत मार्दवासाठीं आलेला पाव येथें भुकेसाठीं आला.

त्या पावाचें मोल पुढें आणखी कठोरपणें कळावयाचें होतें. एप्रिल १९४१ मध्यें जर्मन सैन्यानें ग्रीस व्यापला. देशास लागणाऱ्या गव्हाचा मोठा हिस्सा परदेशांतून येई. तो नाविक नाकेबंदीमुळें थांबला, आणि देशांतलें धान्य जेत्यांनीं लुटलें. १९४१–४२ च्या हिवाळ्यांत अथेन्सच्या रस्त्यांवर माणसें पडूं लागलीं. त्या दुष्काळांत सुमारें तीन लाख माणसें मृत्यु पावलीं असा अंदाज केला जातो. त्या वेळीं प्रथम अन्न घेऊन आलेल्या जहाजांत तुर्कस्तानचें 'कुर्तुलुश' हें जहाज होतें. १९२२ चें वैर ज्यांच्याशीं, त्यांच्याच किनाऱ्यावरून धान्य आलें. जानेवारी १९४२ मध्यें तें जहाज मार्मारा समुद्रांत खडकावर आपटून बुडालें. परंतु ग्रीक लोक त्याची स्मृति विसरले नाहींत. ज्या पिढीनें हा हिवाळा पाहिला, तिला गोळ्यांतून पाव काढून टाका असें कोणी सांगितलें असतें, तर तिनें सांगणाऱ्याच्या बुद्धीविषयींच शंका घेतली असती.

आतां नाण्याची दुसरी बाजू पाहूं. पाव सोडण्याचा उपदेशही आजकालचा नव्हे. जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी वैद्यानें १७९७ सालीं मधुमेह्यांस मुख्यतः प्राणिज आहार देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. १८६३ सालीं लंडनच्या विल्यम बँटिंग या गृहस्थानें एका पुस्तिकेंत आपली स्थूलता कशी हटली हें सांगितलें. डॉक्टरांच्या सल्ल्यानें त्यानें पाव, साखर, बिअर आणि बटाटे वर्ज्य केले होते. इन्शुलिन नव्हतें तोंवर मधुमेह्यास पथ्याखेरीज आधारच नव्हता. ज्या १९२२ सालीं स्मर्ना जळाली, त्याच वर्षाच्या जानेवारींत टोराँटो येथें एका मुलास प्रथमच इन्शुलिन टोंचण्यांत आलें. त्यानंतर पथ्याचें स्वरूप जीवनमरणाचें उरलें नाहीं; परंतु त्याची गरज संपली नाहीं. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकसंशोधन परिषदेच्या पाहणीप्रमाणें या देशांत मधुमेह्यांची संख्या सुमारें १० कोटी १० लाख आहे. पावाचा प्रश्न आपल्या घरांत शिरला तो या वाटेनें.

घरीं हे गोळे करणें अवघड नाहीं. अर्धा किलो बोकडाचा खिमा घ्यावा. एक लहान कांदा किसावा. पावाऐवजीं एक वाटी दुधी किसून, मीठ लावून, घट्ट पिळून घ्यावा. त्यांत एक अंडें, दोन लसणीच्या पाकळ्या, चिरलेला पुदिना, चिमूटभर ओरेगानो व मिरपूड, एक चमचा व्हिनेगर आणि लहान चमचाभर मीठ घालावें. ओरेगानोचा वास आपल्या ओव्याच्या जवळचा असतो. मिश्रण चांगलें चिकट होईपर्यंत मळावें. मिठामुळें मांसांतील प्रथिनें सुटीं होऊन गोळा बांधून धरतात, आणि दुधी ओलावा राखतो. पावाचीं दोन्ही कामें अशीं वांटून दिलीं जातात. तासभर थंड जागीं ठेवून लहान लिंबाएवढे वीस गोळे वळावे. ग्रीक गृहिणी ते पिठांत घोळविते. तें येथें टाळावें. थोड्या तेलांत खालची बाजू खरपूस झाल्याशिवाय उलटूं नयेत, आणि आंत कच्चेपणा मुळींच ठेवूं नये. सोबत काकडी, लसूण व घट्ट दह्याची 'जाजिकी' असावी. ती आपल्या कोशिंबिरीचीच बहीण.

येथें थोडा हिशेब केला पाहिजे. पावाच्या एका कापांत सुमारें १२ ते १५ ग्रॅम कर्बोदकें असतात. अर्धा किलो खिम्यांत दोन काप घातले, तर वीस गोळ्यांत मिळून पंचवीस-तीस ग्रॅम होतात. पांच गोळे खाणाऱ्याच्या वांट्यास सहा-सात ग्रॅम येतात. उलट शेजारीं वाढलेल्या शंभर ग्रॅम उकडलेल्या बटाट्यांत सुमारें वीस ग्रॅम असतात, आणि पावाचे दोन जादा काप घेतले तर पंचवीस-तीस ग्रॅम आणखी. गोळ्यांतला पाव काढून ताटांतला तसाच ठेवणें म्हणजे दाराला कडी लावून खिडकी उघडी टाकण्यासारखें आहे. इन्शुलिन किंवा साखर उतरविणारीं औषधें घेणाऱ्यानें तर आहारांत मोठा फरक आपल्या डॉक्टरांस विचारूनच करावा.

आतां मूळ प्रश्नाकडे वळतां येतें. या बिनपावाच्या गोळ्यांस प्राचीन ग्रीक आहार म्हणणें इतिहासास धरून होणार नाहीं. १९४८ सालीं क्रीट बेटांत झालेल्या पाहणींत तेथील लोक मुख्यत्वें पाव, कडधान्यें, भाज्या आणि ऑलिव्हचें तेल यांवर जगत असल्याचें आढळलें. मांस त्यांच्या ताटांत क्वचितच येई. परंतु त्यास परकें म्हणून हिणविणेंही बरोबर नाहीं. रोमन घरांत पाव आला मार्दवासाठीं, निर्वासिताच्या झोंपडींत भुकेसाठीं. आज कित्येक घरांत तो काढला जातो प्रकृतीसाठीं. प्रत्येक काळच्या गृहिणीनें आपल्या घरची गरज ओळखून त्याच गोळ्यास नवें रूप दिलें. मात्र आज जो मनुष्य आपल्या इच्छेनें पाव बाजूस सारतो, त्यानें अथेन्सचा तो हिवाळा विसरूं नये. पाव नाकारण्याची मोकळीक ज्यास लाभली, त्याच्यामागें पावासाठीं रांगेंत उभ्या राहिलेल्या पुष्कळ पिढ्या आहेत.